‘पासून’, ‘पर्यंत’, ‘होय’ आणि ‘पाहिजे’: इंग्रजीच्या गोंधळाची पानं, प्रकल्पाच्या नोंदी

१४ जून

काम सुरू. बेळगावकडच्या आमच्या गावच्या वाचनालयात संध्याकाळी सातनंतर दहावीची आणि पीयूसीची (कर्नाटकातली अकरावी-बारावी) पोरं अभ्यासाला बसतात, त्यात दोनचार भरतीची तयारी करणारी पण आहेत, आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, इंग्रजी. ठरवलंय असं की एका पानावर एक गोंधळ घ्यायचा, झेरॉक्स काढून कुणालाही देता येईल असं सुटं पान. बाजारात पुस्तकं ढीगभर आहेत पण सगळी एकाच वळणाची: आधी बारा काळ, मग आर्टिकल्स, मग प्रिपोझिशन्स, प्रत्येक नियमाखाली दहा वाक्यं. पोरं नियम धडाधड म्हणून दाखवतात आणि तोंड उघडलं की पुन्हा तीच चूक.

आमच्या भागात हे जास्त टोचतं. दहावीपर्यंत मराठी शाळा, आणि पीयूसीला सायन्स घेतलं की एका उन्हाळ्यात सगळं इंग्रजीत, फिजिक्स पण इंग्रजीत, कॉलेजचा अर्ज पण इंग्रजीत. घरात मराठी, बाजारात मराठी-कन्नड मिसळून, इंग्रजी कानावर पडतं ते मोबाईलवरच. खानापूर, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतनं शहरात येणारी चांगली हुशार पोरं पहिल्या सहामाहीत वर्गात गप्प होऊन जातात, ते बघवत नाही.

२२ जून

पोरांच्या निबंधाच्या वह्या, पत्रं, अर्ज सगळं गोळा केलं आणि चुका वेगळ्या काढल्या. दुपारभर तेच केलं. वर्गवारी लावताना एक गोष्ट डोळ्यात भरली, ती इथं नीट लिहून ठेवतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं राहणार आहे.

गोंधळ दोन जातीचे आहेत. एक जात इंग्रजीच्या घरातली. ‘प्रिन्सिपल’ शेवटी ए-एल असलेला म्हणजे हेडमास्तर आणि एल-ई असलेला म्हणजे तत्त्व, ‘इट्स’ मधी ॲपॉस्ट्रॉफी असलेलं आणि नसलेलं, एका ओ चं ‘लूज’ म्हणजे हरवणं आणि दोन ओ चं म्हणजे सैल. ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ पण त्यातलेच, ए वालं बहुतेक वेळा क्रियापद आणि ई वालं बहुतेक वेळा नाम. ह्या चुका जन्मापासून इंग्रजी बोलणारे पण करतात, त्याला इलाज म्हणजे वाचन आणि लिहून लिहून हात बसवणं.

दुसरी जात आपल्या घरातली. मराठीत शब्द एक, इंग्रजीत त्याच जागी दोन किंवा तीन, मग पोरगं त्यातला कुठला उचलायचा तिथं अडकतं. आणि उलटा पुरावा पण वह्यांतच मिळाला, ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’ मध्ये फारसं कुणी चुकत नाही कारण घेऊन ये आणि घेऊन जा हे आपल्याकडं आधीच वेगळं आहे.

म्हणजे पानं इंग्रजी व्याकरणाच्या क्रमानं लावायचीच नाहीत. पानाच्या डोक्यावर मराठी शब्द, आणि खाली तो शब्द इंग्रजीत जाताना कुठं कुठं फाटा फुटतो ते. हे ठरलं.

२९ जून

पहिलं पान: पासून.

‘मी दोन वर्षांपासून इथे राहतो’ ह्याचं पोरं करतात ‘आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स’. एका वाक्यात दोन खड्डे. पुस्तकातला नियम सांगतो की कालावधीला ‘फॉर’ आणि सुरुवातीच्या बिंदूला ‘सिन्स’, बरोबरच आहे, पण पोराच्या डोक्यात त्या वेळी ‘पासून’ वाजत असतं, बिंदू आणि कालावधी नाही. म्हणून परीक्षा मराठीतच लावायची: पासून काढून ‘झालं’ लावून बघ. दोन वर्षं झाली, चालतं, मग ‘फॉर’. तीन तास झाले, चालतं, ‘फॉर’. ‘सोमवारपासून’ चं सोमवार झाला म्हटलं तर अर्थच बदलतो, मग ‘सिन्स मंडे’. लहानपणापासून चं लहानपण झालं असं कोण म्हणतं, ‘सिन्स चाइल्डहुड’.

दुसरा खड्डा क्रियापदाचा. मराठीत राहतो म्हटलं की भागतं, इंग्रजीला मात्र मागनं सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला ‘हॅव’ लागतंच, ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स’. पानावर पासून च्या खाली ‘हॅव’ मोठ्या अक्षरात चौकटीत टाकलंय. आणि तिसरा फाटा विसरायचा नाही, गोष्ट अजून सुरूच व्हायची असेल (सोमवारपासून शाळा सुरू होणार) किंवा अंतर सांगायचं असेल (स्टँडपासून दोन किलोमीटर) तर तिथं ‘फ्रॉम’.

रात्री दहावीच्या पोरांवर पान लावून बघितलं, ‘झालं’ ची परीक्षा त्यांनी लगेच उचलली, एकमेकांना वाक्यं घालायला लागली, मला मधी बोलायची गरजच राहिली नाही.

६ जुलै

दुसरं पान: पर्यंत. हे माझ्या जास्त जिव्हाळ्याचं, कारण दिवसभर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत डिस्पॅचचं, म्हणजे माल पाठवायचं काम, कास्टिंगची (ओतीव भागांची) तारीख सांगणारे मेल रोज जातात येतात आणि ‘वी विल डिस्पॅच अंटिल फ्रायडे’ हे वाक्य आमच्या भागातल्या कित्येक मेलमध्ये बघितलंय. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं शुक्रवारपर्यंत माल पाठवतो, वाचणाऱ्याला वाटतं शुक्रवार उजाडेपर्यंत हे नुसतं पाठवतच बसणार.

पाच वाजेपर्यंत ये आणि पाच वाजेपर्यंत थांब, मराठीत पर्यंत एकच. पण ‘ये’ म्हणजे पाचच्या आत कधीतरी एकदा येऊन टपक, तिथं ‘बाय फाइव्ह’. ‘थांब’ म्हणजे तोवर थांबणं चालूच ठेव, तिथं ‘अंटिल फाइव्ह’. परीक्षा अशी: पर्यंत च्या जागी ‘च्या आत’ बसतं का बघ. पाचच्या आत ये, बसलं, ‘बाय’. पाचच्या आत थांब, नाही बसलं, ‘अंटिल’. शुक्रवारच्या आत पाठवतो, बसलं, ‘बाय फ्रायडे’.

पीयूसीच्या एका मुलीनं लगेच हात वर केला, सर पाचच्या आत येऊ नकोस हे पण बसतं की. खरं आहे, आणि तिथं इंग्रजीत ‘डोन्ट कम अंटिल फाइव्ह’ च लागतं. म्हणजे परीक्षा फक्त होकारी वाक्याला लावायची, वाक्यात ‘येऊ नकोस’ सारखी मनाई आली की ‘अंटिल’. पानावर ही ओळ तिच्याच शब्दांत घातली.

१३ जुलै

पाऊस. लाईट नाही, रोप लावणीमुळं निम्मी पोरं शेतात. काम झालं नाही.

२० जुलै

होय आणि नाही. सगळ्यात जास्त नुकसान करणारं पान हेच असणार असं मला वाटतं, आणि पुस्तकांत ह्याला अर्धी ओळ पण मिळत नाही.

प्रसंग आमच्याच ऑफिसातला. चेन्नईच्या ग्राहकाचा फोन, घेतला नवीन लागलेल्या पोरानं, डिप्लोमा झालेला, चांगला पोरगा. तिकडनं विचारलं, ‘यू हॅव नॉट डिस्पॅच्ड द कास्टिंग्ज?’ ह्यानं सांगितलं ‘येस सर’. ह्याच्या मनात होतं, होय सर, नाही पाठवलेलं अजून. तिकडच्याच्या कानात पडलं, पाठवलंय. दुसऱ्या दिवशी तिकडनं गाडीचा नंबर मागणारा फोन आला तेव्हा उलगडा झाला. पोरगा दिवसभर उतरल्या तोंडानं बसला होता, आणि त्याच्या इंग्रजीत तसं बघितलं तर एकही शब्द चुकलेला नव्हता.

मराठीतलं होय हे विचारणाऱ्याच्या वाक्याला असतं, तुम्ही म्हणताय ते बरोबर. जेवला नाहीस का? होय, नाही जेवलो. इंग्रजीतलं ‘येस’ विचारणाऱ्याकडं बघतच नाही, ते आपल्या स्वतःच्या उत्तराकडं बघतं. उत्तरात ‘नॉट’ असेल तर सुरुवातीला ‘नो’ च. ‘नो, आय हॅवन्ट’. आणि जेवला असशील तर मराठीत आपण म्हणतो ‘नाही, जेवलोय की’, इंग्रजीत ‘येस, आय हॅव’. म्हणजे नकारी प्रश्न आला की दोन्ही बाजूंनी उलटं.

पानावर उपाय एकच दिलाय: नकारी प्रश्नाला नुसतं ‘येस’ किंवा नुसतं ‘नो’ म्हणून कधीच थांबायचं नाही, पूर्ण वाक्य बोलायचं. ‘वी हॅव नॉट डिस्पॅच्ड इट यट, सर’. मग पहिला शब्द चुकला तरी गाडी बरोबर ठिकाणी जाते. इंटरव्ह्यूला जाणाऱ्या प्रत्येकाला हे पान आधी द्यायचं.

३ ऑगस्ट

‘अ’ आणि ‘ॲन’. मराठीत आर्टिकल नाहीच त्यामुळं पोरं एकतर घालत नाहीत नाहीतर सगळीकडं घालतात. कुठं घालायचं ते मोठं प्रकरण आहे, ते वेगळं. पण दोन्हीतलं कुठलं, ह्याला देवनागरीचा फार सुंदर उपयोग होतो. शाळेत सांगतात ए ई आय ओ यू असले की ‘ॲन’, आणि तिथंच पोरं ‘ॲन युनिव्हर्सिटी’ आणि ‘अ अवर’ लिहून येतात. नियम अक्षराचा नाही, आवाजाचा आहे, आणि आवाज लिहायला आपली लिपी बसलीच आहे. इंग्रजी शब्द मराठीत लिहून काढ. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. युनिव्हर्सिटी, य, व्यंजन, ‘अ’. युरोपियन, य, ‘अ’. अवर, अ, स्वर, ‘ॲन’. ऑनेस्ट, ऑ, ‘ॲन’. वन-वे रोड, व, ‘अ’. एक्स-रे, एमबीए, एमएलए, सगळ्यांत पहिला ए, म्हणून ‘ॲन’. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की गावात येणारा प्रत्येक आमदार ‘ॲन एमएलए’.

इंग्लंडमधल्या पोराला हा आधार नाही, त्याला स्पेलिंगच्या आत लपलेला आवाज शोधायला लागतो. आमच्या पोरांना तो समोर लिहून मिळतो.

५ ऑगस्ट

परवाच्या परीक्षेत दोन अडचणी निघाल्या, दोन्ही पोरांनीच काढल्या.

पहिली: वर्ष पण ‘इयर’ आणि कान पण ‘इयर’, आपण दोन्ही सारखंच लिहितो. इंग्रजीत वर्षाच्या सुरुवातीला य चा आवाज आहे, म्हणून ‘अ यीअर’, आणि कानाला ‘ॲन इअर’. हा अपवाद पाठच करायला लागणार, पानाच्या खाली चौकटीत.

दुसरी आमच्या मातीची. कन्नडमध्ये शब्दाच्या सुरुवातीला ए आला की त्याला य चा स्पर्श होतो, एल्लि चं ऐकू येतं येल्लि, आणि आपल्याकडं पण गावात एक ला येक म्हणतातच. मग इथली पोरं एमएलए ला ‘येमेले’ म्हणतात, एल ला ‘येल’, आणि कानाला व्यंजन ऐकू आलं की लिहितात ‘अ येमेले’. त्यामुळं परीक्षा लावायच्या आधी शब्द नीट म्हणून घ्यायचा, य काढून. बेंच वाजवून म्हणून घेतलं. मजा आली पोरांना.

१७ ऑगस्ट

आजचं पान मनापासून केलं. ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम वॉन्टिंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’. इकडं सगळीकडं ‘आयएनजी’ लावायची सवय जबरदस्त.

आमच्या बेळगावकडच्या बोलीत एक फार कामाची गोष्ट आहे. करतो आणि करूलोय, जातो आणि जाऊलोय, येतो आणि येऊलोय. आत्ता ह्या घडीला चाललेलं ते ऊलोय, आणि रोजचं, नेहमीचं ते साधं तो. पोरं घरात हा फरक कधीच चुकत नाहीत, तीन वर्षांचं पोर पण चुकत नाही. शाळेत मात्र ऊलोय म्हटलं की गावंढळ म्हणून गप्प बसवतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण इंग्रजीतला साधा वर्तमान आणि चालू वर्तमान शिकायला ह्याच्याएवढा चांगला आधार दुसरा नाही. ‘मी बँकेत काम करतो’ तिथं ‘आय वर्क’. ‘मी काम करूलोय, नंतर फोन कर’ तिथं ‘आय ॲम वर्किंग’. आणि मला दोन भाऊ होऊलेत असं कोण म्हणतं का? माहीत होऊलंय म्हणतं का? नाही ना, मग इंग्रजीत पण तिथं ‘आयएनजी’ नाही. ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय नो’.

सगळीकडं नाही बसत हे. तुझा आवाज येऊलाय असं आपण म्हणतो, इंग्रजीत मात्र ‘आय कॅन हिअर यू’. अशी तीनचार उदाहरणं वेगळी काढून दिलीत. पण नव्यानं शिकणाऱ्याला ही बोली जिथपर्यंत नेते ते अंतर थोडं नाही.

१० सप्टेंबर

गणपतीमुळं खंड पडला. आज छोटी पानं उरकली. उसने: वस्तू माझ्याकडनं जाते तर ‘लेंड’, माझ्याकडं येते तर ‘बॉरो’. ऐकणे: ऐकू येणं ‘हिअर’, कान देऊन ऐकणं ‘लिसन’. बघणे: दिसलं तर ‘सी’, नजर टाकली तर ‘लुक ॲट’, बघत बसलो तर ‘वॉच’. काल: ‘काल’, ‘परवा’, ‘गेल्या वर्षी’ असा ठरलेला गेलेला वेळ वाक्यात असला की ‘हॅव’ बाद, मराठीत ‘मी त्याला काल बघितलंय’ खुशाल चालतं म्हणून पोरं ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ लिहितात.

२१ सप्टेंबर

पोरांचा हट्ट होता म्हणून हे पान. ‘रिसीट’ मध्ये पी कशाला, ‘डेट’ म्हणजे कर्जात बी कशाला, बोलायचं नाही तर लिहायचं कशाला.

कारण सांगितलं की राग कमी होतो असा अनुभव आहे. हे दोन्ही शब्द इंग्रजीत फ्रेंचकडनं आले तेव्हा त्यांत पी पण नव्हता आणि बी पण नव्हता. नंतर विद्वान लोकांना वाटलं मूळ लॅटिन आहे, तिथं कर्जाला ‘डेबिटम’ म्हणतात, मग ते दिसायला पाहिजे, म्हणून बी घुसवला. उच्चार बदलला नाही, लिहिणं बदललं. ‘आयलंड’ मधला एस तर चुकीच्या नात्यानं आलाय, शब्द जुना इंग्रजी, पण ‘आइल’ ह्या दुसऱ्या शब्दाशी जोडून एस लावला गेला. ‘नाइफ’, ‘नी’ मधला के मात्र खरा, एके काळी तो बोलत होते, नंतर जीभेवरनं गेला आणि कागदावर राहिला. त्याचं मोठं कारण छपाई. विल्यम कॅक्स्टननं इंग्लंडमध्ये छापखाना घातला १४७६ ला, तिथनं पुढं स्पेलिंग हळूहळू घट्ट होत गेलं आणि त्याच शतकांत स्वरांचे उच्चार मात्र झपाट्यानं बदलत होते. म्हणून आज लिहिणं जुनं आणि बोलणं नवं.

एका पोरानं विचारलं, मग वीज मध्ये दीर्घ आणि विजेला मध्ये ऱ्हस्व हे पण तसंच का. ते तसं नाही, त्याला आपला वेगळा नियम आहे, पण प्रश्न चांगला होता, त्यावर अर्धा तास गेला.

५ ऑक्टोबर

फ्रेजल व्हर्ब. पोरांना वाटतं ही इंग्रजीनं मुद्दाम केलेली छळणूक आहे, ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर, मग ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे कसं काय. मी विचारलं, सोडून देणे मध्ये कोण कुणाला काय देतं? जिलेबी खाऊन टाकली म्हणजे कुठं टाकली? सगळे शांत. मराठीत आपण हे दिवसभर करतो, क्रियापदाला दुसरं क्रियापद चिकटवतो आणि त्याचा मूळ अर्थ विरघळून जातो, उरतो तो नुसता जोर किंवा काम संपल्याचा भाव. इंग्रजी तेच काम ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ कडनं करून घेते. ‘ईट अप’ खाऊन टाक, ‘ड्रिंक अप’ पिऊन टाक, ‘टेअर अप’ फाडून टाक, ‘यूज अप’ संपवून टाक. टाकणे आणि ‘अप’ ची जोडी लागली की एकदम वीसेक वाक्यं सुटतात. बाकीचे, म्हणजे ‘पुट ऑफ’ पुढं ढकलणे, ‘लुक आफ्टर’ सांभाळणे, ‘लुक फॉर’ शोधणे, हे वाक्यासकटच लक्षात ठेवायला लागतात, तिथं दुसरी युक्ती नाही.

१९ ऑक्टोबर

युनिटमधले एक सहकारी बैलहोंगलकडचे, घरी कन्नड, मराठी पण चांगलं वाचतात. जेवणाच्या सुट्टीत पानं चाळत होते. म्हणाले, अहो ही तर माझ्या मुलीच्या वहीतलीच वाक्यं आहेत. मग दोघं बसलो आणि एकेक पान कन्नडला लावून बघितलं. पासून च्या जागी इंद, एरडु वर्षदिंद आणि सोमवारदिंद, दोन्हीकडं इंद, म्हणजे ‘सिन्स टू इयर्स’ तिकडनं पण तसंच निघतं. होय च्या जागी हौदु, आणि ते पण समोरच्याच्या वाक्यालाच जातं. पाहिजे च्या जागी बेकु, नीरु बेकु म्हणजे पाणी पाहिजे आणि होगबेकु म्हणजे जायला पाहिजे, जोडच्या जोड.

भाषा वेगळ्या घराण्यातल्या, पण इंग्रजीसमोर दोन्हीकडची पोरं एकाच पायरीवर अडखळतात. त्यांनी कन्नड पानं लिहायचं कबूल केलंय. देवनागरीची ‘ॲन’ ची परीक्षा कन्नड लिपीत पण चालते, फक्त येल्लि वाला य तिथं जास्त सांभाळायला लागेल.

२ नोव्हेंबर

पाहिजे चं पान अजून चालू आहे, सगळ्यात अवघड. नाम अधिक पाहिजे असेल तर ‘वॉन्ट’ किंवा ‘नीड’, क्रियापद अधिक पाहिजे असेल तर ‘शुड’ किंवा ‘मस्ट’, इथपर्यंत स्वच्छ आहे. ‘शुड’ की ‘मस्ट’ ह्याला ‘नाहीतर’ ची परीक्षा लावतोय: डॉक्टरला दाखवायला पाहिजे, नाहीतर? नाहीतर दुखणं वाढेल, सल्ला आहे, ‘शुड’. हॉल तिकीट आणायला पाहिजे, नाहीतर? आत सोडणार नाहीत, ‘मस्ट’ नाहीतर ‘हॅव टू’. जायला पाहिजे होतं म्हणजे गेलो नाही, ‘शुड हॅव गॉन’, हे पोरांना पटकन समजलं.

अडतंय ते दुकानात. मला एक पेन पाहिजे, ह्यात मराठीत काही उद्धटपणा नाही. तेच ‘आय वॉन्ट अ पेन’ अनोळखी माणसाला म्हटलं की कानाला फाडकन लागतं, तिथं ‘कॅन आय हॅव अ पेन’ पाहिजे. हे नियमात कसं बसवायचं ते ठरेना, म्हणून सरळ दुकान, बँक, कॉलेजचं ऑफिस आणि एसटी स्टँड अशा चार ठिकाणची बोलणी लिहायला घेतली आहेत, मराठी एका बाजूला, इंग्रजी समोर. दुकान आणि बँक झालं. बाकीची दोन ह्या आठवड्यात, मग सगळी पानं झेरॉक्सला.